शेतावरच्या बालवाडीचा विस्तार : २२ मुलांवरून ४५ वर जायचंय, आराखडा तपासून द्या

शिवारशाळा (धागाकर्ता)

कोकणातल्या लांजा तालुक्यात चार एकरांच्या नैसर्गिक शेतावर बालवाडी चालते. वय ३ ते ६, मुलं २२, ताई तीन, वेळ सकाळी ९ ते १२.३०. चिऱ्याची एक खोली, तिला पडवी, समोर सारवलेलं खळं. शेतात भात, नाचणी, कुळीथ, थोडे काजू-आंबे, दोन गाई, सहा शेळ्या, कोंबड्या. प्रवेशासाठी थांबलेल्यांची यादी मोठी झाली आहे, म्हणून पुढच्या जूनपासून ४५ मुलं घेण्याचा विचार आहे. आराखडा असा :

– २० बाय २० फुटांच्या दोन नव्या चिऱ्याच्या खोल्या, वर पत्रा
– दोन जोडखड्ड्यांची शौचालयं (मैला जमिनीतल्या खड्ड्यांत जिरवणारी), विहिरीपासून साधारण १५ मीटरवर
– आणखी एक ताई
– लांजा बाजारपेठेतून मुलं आणायला एक व्हॅन
– शेततळ्याभोवती काट्यांचं कुंपण (तळं २० बाय २० मीटर, आत प्लास्टिकचा कागद)
– मुलांसाठी भाजीचे वाफे आणि चिखलाची जागा

यात काय चुकतंय, काय राहून जातंय, ते मोकळेपणाने सांगा. खर्च वाढला तरी चालेल, पण नंतर तोडफोड नको.

---

मोजपट्टी

खोलीपासून सुरुवात करतो. २० बाय २० हे बाहेरचं माप असेल तर खोली लहान पडेल. ९ इंची भिंत धरली की आत १८.५ बाय १८.५ फूट उरतात, म्हणजे ३४२ चौरस फूट, जेमतेम ३१.८ चौरस मीटर. राष्ट्रीय बालसंगोपन-शिक्षण धोरणात (२०१३) ३० मुलांच्या गटाला किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर जागा सांगितली आहे. बाहेरची तुम्हाला चिंता नाही. आतलं माप २० बाय २० ठेवा, म्हणजे ३७ चौरस मीटर मिळतील. गवंड्याला कागदावर 'आतून' असं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं माप पाया आखताना बाहेरचं होऊन जातं.

पत्र्याचा विचार सोडा. जुलैत पत्र्यावर पाऊस धरला की खोलीत ताईचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. मग ताई ओरडून बोलते, मुलं त्याहून मोठ्याने बोलतात आणि तासाभरात सगळी खोली चिडचिडी होते. मंगलोरी कौलं घाला. पत्राच घालायचा झाला तर खाली लाकडी तक्तपोशी किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत द्या, मध्ये सहा इंचांची पोकळी सोडा. पागोळी भिंतीपासून निदान साडेतीन फूट बाहेर पडली पाहिजे, नाहीतर नैर्ऋत्येची झड थेट खिडकीतून आत येते.

खिडकीची खालची कड जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटरवर ठेवा. तीन फुटांच्या मुलाला चार फुटांच्या खिडकीतून फक्त आकाश दिसतं. पायरीची उंची १२ ते १५ सेंटीमीटर. मोठ्यांच्या १८ सेंटीमीटरच्या पायरीवर तीन वर्षांचं मूल दोन्ही हात टेकून चढतं आणि उतरताना पुढे पडतं.

सारवलेली जमीन पडवीत आणि खळ्यात ठेवा, खोलीत नको. जून ते सप्टेंबर ती सुकत नाही, बुरशी धरते. आत कोबा किंवा शहाबादी फरशी घाला, वर चटया.

---

बालघर

इमारतीआधी माणसांचा हिशोब करा, कारण या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

आज २२ मुलांना ३ ताई, म्हणजे सात मुलांमागे एक. विस्तारानंतर ४५ मुलांना ४, म्हणजे अकरा-बारामागे एक. धोरणातलं ३ ते ६ वयाचं प्रमाण २० मुलांमागे एक मोठं माणूस असं आहे, त्यामुळे कागदावर तुम्ही उत्तम बसता. पण तो आकडा चार भिंतींच्या आतल्या वर्गासाठी ठीक आहे. शेतावरची कोणतीही सकाळ डोळ्यासमोर आणा : एक ताई शौचालयापाशी, एक गुडघा खरचटलेल्या मुलाजवळ, एक दारात उशिरा आलेल्या पालकांशी बोलतेय. उरलेल्या एकीकडे चाळीस मुलं, आणि पलीकडे गोठा, विहीर, तळं.

म्हणून मुलं वाढवू नका, गट वाढवा. एक गट १५ मुलांचा, त्याच्या ठरलेल्या दोन ताई, त्याची ठरलेली खोली, पडवीतला कोपरा, वाफा. ४५ मुलं म्हणजे तीन गट, सहा ताई, वर एक जण फक्त पाणी-शौचालय-दार सांभाळायला. एकूण सात. शिवाय एक बदली माणूस, जी आठवड्यातून एक दिवस येऊन मुलांना ओळखीची झालेली असेल. एवढी माणसं जूनपर्यंत मिळून तयार होणार नसतील तर जूनमध्ये ४५ नको.

तिन्ही गटांत वयं मिसळा. मुलांची संख्या तीस-पस्तीसवर गेली की सगळ्या तीन वर्षांच्या मुलांचा वेगळा वर्ग करायची ओढ लागते. शेतावर ते फार जड जातं. पंधरातली चार-पाच मुलं जुनी आणि मोठी असली की ती चप्पल कुठे ठेवायची, शेळीला कुठून हात लावायचा हे नव्यांना दाखवतात. जुनी २२ मुलं तीन गटांत वाटा, नवी सगळी एकाच खोलीत भरू नका.

शेतात जाताना दोर वापरा. जाड सुती दोराला हाताच्या अंतरावर १५ कड्या शिवायच्या, प्रत्येक मूल एक कडी धरतं. दोर ताणला की रिकामी कडी लांबूनही दिसते. तोंडी मोजणीत मुलं जागा बदलतात आणि एकच मूल दोनदा मोजलं जातं. दारातून बाहेर, वाफ्यावर पोचल्यावर, निघताना, दारातून आत : चार वेळा मोजायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. मुलंच काही दिवसांत मोजायला लागतात.

---

गडगा

बालघरशी पूर्ण सहमत. पण माझा मुद्दा शेततळ्याचा आहे आणि तो सगळ्यांत तातडीचा आहे. विस्तार झाला नाही तरी हे उद्या करा.

प्लास्टिक घातलेलं शेततळं विहिरीपेक्षा फसवं असतं. विहीर बघून भीती वाटते. तळं उतरतं दिसतं, पाणी काठाशी उथळ वाटतं, म्हणून मूल हात धुवायला किंवा बेडूक बघायला खाली वाकतं. कागदावर शेवाळ आलेलं असतं. एकदा पाय घसरला की उतारावर धरायला काहीही नाही, दगड नाही, मूळ नाही, आणि ओल्या कागदावर वर चढणं मोठ्या माणसालाही जमत नाही. वाचवायला उतरलेला माणूसही त्याच कारणाने बुडतो.

काट्यांचं कुंपण यासाठी निरुपयोगी. पावसात कुजतं, शेळ्या वाट पाडतात, आणि त्यातून मूल सरपटत जातं. असं करा :

जाळीचं कुंपण, उंची सहा फूट, खांब दर आठ-दहा फुटांवर, चिऱ्यात किंवा काँक्रीटमध्ये बसवलेले. जाळीचे डोळे लहान असावेत, मोठ्या डोळ्यांत चिमुकलं पाऊल बसतं आणि शिडी तयार होते. जाळी आणि जमीन यांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको. पावसाने माती वाहून फट वाढते, म्हणून खालची कड कातळाला किंवा चिऱ्यांच्या ओळीला धरून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी पाच फुटांवर, वर कुलूप. कुंपणाजवळ क्रेट, पाइपांची भेंडोळी, लाकडं काही ठेवायचं नाही. वर चढायला मुलांना तेवढं पुरतं.

आत चारही बाजूंना गाठी मारलेला नायलॉनचा दोर काठावरच्या खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडा. दोन बाजूंना हवा भरलेली ट्रकची ट्यूब, तीही बांधलेली. बाहेर पंधरा फुटांचा बांबू, कायम तिथेच, मांडवाला उचलून न्यायचा नाही.

मूल पाण्यातून काढल्यावर उलटं धरून गोल फिरवणं, पोट दाबणं अजूनही होतं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवून तोंडाने श्वास द्यायला लगेच सुरुवात करायची, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र, तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. हे वाचून येत नाही. सातही जणींनी पुतळ्यावर हात बसवला पाहिजे आणि दरवर्षी पुन्हा.

विहिरीला कठडा साडेतीन फूट आणि वर लोखंडी जाळी, कुलूपबंद. नुसता कठडा म्हणजे वाकून बघायला आमंत्रण.

---

पागोळी

+१. आणि शौचालयाचे जोडखड्डे १५ मीटरवर ठेवलेत ते जांभ्यात (कोकणातल्या लाल, सच्छिद्र दगडात) धोक्याचं आहे. अंतराचे सर्वसाधारण नियम बारीक मातीतून पाणी गाळलं जातं या गृहीतावर उभे आहेत. जांभ्यात भेगा आणि नळ्या असतात, पाणी गाळलं न जाता सरळ वाहतं. शिवाय खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजल पातळी यांत दोन मीटर अंतर राहायला हवं. ऑगस्टमध्ये तुमच्या विहिरीत पाणी काठापासून किती खाली असतं ते मोजा. दीड-दोन मीटरच असेल तर विषयच संपला.

उपाय : पाणी न झिरपणारी, आतून गिलावा केलेली सेप्टिक टाकी, विहिरीच्या उताराखालच्या बाजूला, आणि तिचं पाणी कर्दळ-केळीच्या खडी भरलेल्या वाफ्यात. त्या वाफ्यालाही कुंपण. केळीचा वाफा मुलांना लपाछपीला फार आवडतो.

४५ मुलांना शौचालयाची तीन लहान भांडी, एक मोठ्यांसाठी. कमोड असेल तर बैठक २५ ते २८ सेंटीमीटर उंच. आतून कडी नको. खेळायच्या जागेपासून वीस-पंचवीस मीटरच्या आत, कारण तीन वर्षांचं मूल सांगतं तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो. पावसाळ्यात तिथवर छप्पर असलेली वाट हवी, नाहीतर मुलं रोखून धरतात आणि लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, मुलींना जास्त.

आता विहिरीचं पाणी. दोन चमचे ब्लीचिंग पावडर टाकायची वर्षभराची सवय चुकीची आहे. हिशोब असा : ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४, सगळं मीटरमध्ये, आलेल्या उत्तराला १००० ने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर धरला तर एप्रिलमध्ये २ मीटर पाणी असताना १४,१३० लिटर भरतं. ऑगस्टमध्ये ६ मीटर असताना ४२,३९०. चांगली पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे एप्रिलमध्ये साधारण ३५ ग्रॅम, ऑगस्टमध्ये १०६. तिप्पट फरक आहे. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा आणखी लागते.

पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको. बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना फेकून द्या, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. एक तास थांबा, मग तपासणीच्या थेंबांनी क्लोरीन उरला आहे का बघा. अर्धा पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) उरला पाहिजे. पावडर कोकणच्या दमट हवेत आठवड्यांत नुसता चुना होते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, लहान पाकिटं आणा.

दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर पाणी धरतात. ४५ मुलं आणि ८ मोठी माणसं म्हणजे २,३८५ लिटर. अर्ध्या दिवसाला एवढं लागणार नाही, पण मेच्या आधी विहीर तळाला गेल्यावर किती दिवस पुरेल ते याच आकड्याने तपासा. नव्या छपरांना पन्हळ लावून टाकी भरा. १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. पन्हळ मात्र रुंद घ्या, कोकणातल्या सरीला चार इंची पाइप पुरत नाही, पाणी उसळून पायाशी पडतं.

---

शिवारशाळा

ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी काठापासून दीड मीटरवर असतं. म्हणजे जोडखड्डे गेले. तळ्याच्या जाळीचं काम याच आठवड्यात सांगतो. साप आणि झाडांबद्दल कुणी लिहील का? नव्या खोल्या जुन्या गडग्याला लागून येतात.

---

रानवाट

मग खोल्या सरकवा. सुक्या दगडांचा गडगा म्हणजे फुरशाचं घर. फुरसं वीतभर-दीड वीत लांब, मातकट रंगाचं, कातळाशी इतकं एकरूप की हलल्याशिवाय दिसत नाही. डिवचलं तर वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. मुलांना तो आवाज ओळखायला शिकवा : ऐकू आला की 'पुतळा' व्हायचं, मग मागे सरकायचं.

खेळायच्या जागेपासून गडगा, सरपणाचा ढीग, चिऱ्यांचे तुकडे निदान पाच मीटर दूर. मधल्या पट्ट्यात गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. बांधकाम संपल्यावर उरलेले चिरे कोपऱ्यात रचून ठेवतात, पुढच्या पावसात तिथे वस्ती होते. ते गाडीत भरून बाहेर काढा. कोंबड्यांचं खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस, नाग. खुराडं बालवाडीच्या भिंतीला लागून नको.

दंश झाल्यास : आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अवयव फळीला बांधून स्थिर, मूल कडेवर, चालवायचं नाही, थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात. मुलाला प्रतिविष मोठ्यांइतकंच लागतं, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. लहान आहे म्हणून अर्धं चालेल हा समज चुकीचा. कोणत्या रुग्णालयात साठा आहे हे जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि भिंतीवर लिहा.

झाडं. कुंपणाला मोगली एरंड असेल तर मुलांच्या वावरातला सगळा काढा. बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं एकमेकांना वाटून खातात आणि एकदम आठ-दहा मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. पिवळी कण्हेर त्याहून वाईट, तिची बी हृदयावर जाते. गुंजेचा वेल गडग्यावर हमखास असतो : लालचुटूक, गुळगुळीत, एका टोकाला काळा ठिपका, तीन वर्षांच्या बोटांत नेमकी बसेल अशी. ती चावली गेली तर जीवघेणी आहे. धोतरा, एरंड, रुई (चीक डोळ्यात गेला तर गंभीर) हेही काढा. खाजकुइलीच्या शेंगा फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून वाऱ्याने कूस उडते, त्याआधी वेल तोडा. काजूच्या कोवळ्या बियांच्या सालीतलं तेल कातडी भाजतं. बोंड मुलांनी खावं, बी मोठ्यांनी आधी पिळून काढावी.

एकेक रोप ओळखून, दोरी बांधून, नकाशावर मांडून मग काढा. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा फेरी, कारण पावसाने नवी रोपं उगवलेली असतात.

आणखी एक. तुम्ही फवारत नसाल, पण शेजारच्या हापूसच्या बागेत मोहोर आल्यापासून पंधरवड्याच्या अंतराने फवारणी चालते, आणि ती वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळीच. नेमकी तुमच्या शाळेच्या वेळेला. शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा : आदल्या संध्याकाळी एक निरोप. त्या दिवशी मुलं विरुद्ध बाजूच्या वाफ्यांवर किंवा आत, आणि त्या बाजूचे डबे-पाणी झाकलेले.

---

तरवा

चिखल आणि वाफे यावर.

चिखलाची जागा भातखाचरात नको. जुलै-ऑगस्टमध्ये साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू) असू शकतो आणि मुलांच्या पायावर एखादं तरी खरचटलेलं असतंच. खळ्याजवळ उंचावर सहा बाय सहा फुटांची चौकट करा, खाली वीतभर खडी, निचऱ्याला एक पाइप, वर वीतभर माती. छप्पर हवं. माती उन्हाळ्यात चाळून वाळवलेली, रोज ताजं पाणी घालून कालवायची, संध्याकाळी ताडपत्री घालायची म्हणजे मांजरं येत नाहीत. लाल जांभ्याची माती हाताला टोचते आणि वळत नाही. वस्तू करायला खाचराच्या तळाची चिकणमाती मेमध्ये काढून ठेवा, दोन दिवस भिजवून कापडातून गाळा.

भाताची लावणी मुलांना दाखवायचीच असेल तर वेगळा दोन मीटरचा वाफा, स्वच्छ पाणी भरलेला. मिरगाला पेरलेला तरवा (भाताची रोपं) तीन आठवड्यांत लावणीला येतो.

भाजीच्या वाफ्याची रुंदी ६० ते ७० सेंटीमीटरच ठेवा. लहान मुलाचा हात कडेवरून ३० ते ३५ सेंटीमीटर आत पोचतो. तीन फुटांच्या वाफ्यात मधलं गवत काढायला मूल आत पाय टाकतं आणि रोपं तुडवतं, मग त्यालाच ओरडा बसतो. मधली वाट निदान ७५ सेंटीमीटर, दोन मुलं झारी घेऊन समोरासमोर आली तर निघाली पाहिजेत. झारी एक लिटरची, त्याहून जास्त पाणी ती उचलत नाहीत, सांडतात. पहिलं पीक मेथी : तिसऱ्या दिवशी उगवते, महिन्याभरात भाजी. मग मुळा, लाल माठ. भातानंतर चवळी, कुळीथ. बिया मोठ्या हव्यात, माठाची बी मुलांच्या चिमटीतून एकाच जागी सांडते. ती वाळूत मिसळून द्या. अळू नको, कच्चं पान तोंडात गेलं की घसा खाजतो.

तीन वर्षांच्या मुलांच्या हाती सुटे दाणे, खडे, करवंटीचे तुकडे देताना ३२ मिलिमीटरच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं असं धरा. पीव्हीसी पाइपचा त्या मापाचा तुकडा खोलीत टांगून ठेवा, शंका आली की वस्तू त्यातून टाकून बघायची.

---

शेणसडा

जनावरांबद्दल थोडक्यात. शेळ्या-गाईंना हात लावायची जागा आणि डबा खायची जागा यांत हात धुवायचा नळ वाटेवरच हवा, कोपऱ्यात नको. आडव्या पाइपला वीतभर अंतरावर भोकं, उंची ४५ ते ५० सेंटीमीटर, एका वेळी आठ मुलं. शिंगांची शेळी मुलांत सोडायची नाही. व्यायलेल्या गाईजवळ दोन आठवडे अजिबात नाही. शेतावरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस, पट्ट्यावर तारीख. कुत्रं-मांजर चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस. हळद-चुना काही नाही.

---

सातबारा

कागदांकडे कुणी वळलं नाही. शेतघर म्हणून बांधलेली खोली शाळा म्हणून वापरणं हा वेगळा वापर ठरतो. कृषी पर्यटनाची नोंदणी असली तरी तिने शाळेची परवानगी मिळत नाही. सातबारा सामायिक आहे का ते आधी बघा. कोकणात बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातले डझनभर सहहिस्सेदार निघतात आणि एकाचीही सही राहिली तर बांधकामाचा अर्ज अडतो. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल किंवा इतर हक्कांत कूळ, खासगी वन अशी नोंद असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातून सुरुवात. हे सगळं चिरा घेण्यापूर्वी.

व्हॅनला २०११ चे राज्याचे स्कूल बस नियम लागू होतात : परवाना, महिला मदतनीस, वेगमर्यादा यंत्र, प्रथमोपचार पेटी. खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने मुलं आणली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. सातही जणींची पोलीस पडताळणी, चालकाचीही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली (२०१२), संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेत आपसात मिटवता येत नाही. हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा.

---

पाड्यावरची

व्हॅनवरच माझा मूळ आक्षेप आहे. बाजारपेठेतून २३ मुलं आणायची म्हणजे तीन वर्षांचं मूल घाटवळणांवरून पाऊण तास जाणार, पाऊण तास येणार. आणि शेताच्या आजूबाजूच्या वाड्यांवरच्या मुलांचं काय? फी आणि व्हॅन वाढली की सगळ्यात आधी ती मुलं गळतात.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव त्यातून आलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं न आणता बिया, शंख-शिंपले, खडे यांतून शिकण्याची साधनं केली. शेतावरच्या बालवाडीला यापेक्षा जवळचं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

म्हणून सुचवते : तिसरा गट शेतावर आणूच नका. जवळच्या वाडीतलं एखादं मोठं खळं किंवा समाजमंदिर घ्या, तिथल्याच दोन बायकांना वर्षभर तुमच्या ताईंसोबत तयार करा, १५ मुलं तिथे. आठवड्यातून एकदा ती शेतावर चालत येतील. तिसरी खोली, शौचालयाचं एक भांडं, व्हॅन, सगळंच वाचतं. मात्र आधी त्या वाडीच्या अंगणवाडी ताईंशी बोला. अंगणवाडीची पटसंख्या कमी झाली तर तिथला पोषण आहार आणि लसीकरण विस्कळीत होईल. त्यांच्या वेळेनंतर किंवा त्यांच्या सोबतीनेच चालवा.

---

बालघर

हे फार पटलं. आणि सुरुवात जूनमध्ये नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस, कोंदट खोली, ओले कपडे आणि एकदम २३ नवी रडणारी मुलं : एक रडलं की सगळी रडतात, जुनीसुद्धा. दिवाळीनंतर दुसरा गट सुरू करा. जमीन सुकलेली, वीज-वादळं संपलेली, चवळी-कुळथाची पेरणी समोर. आठवड्याला तीनच नवी मुलं, पहिले चार दिवस आई किंवा आजी पडवीत बसलेली, खोलीत नाही. पंधरा नवी मुलं घ्यायला पाच आठवडे लागतात, तेवढे लागू द्या.

---

शिवारशाळा

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा असा :

शेतावर एकच नवी खोली, आतून २० बाय २०, कौलारू, गडग्यापासून दूर खळ्याच्या पूर्वेला. दोन गट, मिळून ३० मुलं, चार ताई आणि एक मदतनीस. दुसरा गट दिवाळीनंतर. तिसरा गट वाडीत, पुढच्या वर्षी, अंगणवाडी ताईंशी बोलणं झाल्यावरच. व्हॅन रद्द. सेप्टिक टाकी विहिरीच्या खालच्या अंगाला. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, संमतीपत्रांपासून सुरुवात केली आहे.

एक प्रश्न उरला. तळ्याच्या फाटकाला आपोआप मिटायला स्प्रिंग लावली तर खाऱ्या-दमट हवेत ती किती टिकेल?

---

गडगा

एक पावसाळा. गंजली की फाटक अर्धं मिटून अडकतं आणि मिटलंय असं लांबून वाटतं. स्प्रिंगऐवजी बिजागऱ्या किंचित तिरक्या बसवा, वरची खांबापासून अर्धा इंच बाहेर, म्हणजे फाटक स्वतःच्या वजनाने मिटतं. नाहीतर कप्पीवरून साखळी आणि तिला पाच किलोचं वजन, विहिरीच्या रहाटाला असते तशी कप्पी, महिन्यातून एकदा ग्रीस. आणि फाटकाला लाल रंग द्या. उघडं राहिलं तर खळ्यातून दिसलं पाहिजे.